आवाज येतोय का, सर?

सुट्टीत आपण सगळे घरी जातो, पण दहावीचा अभ्यासक्रम काही घरी जात नाही. म्हणून दिवाळीत आणि उन्हाळ्यात आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी आमचे ऑनलाइन तास असतात. माझं घर छत्तीसगडमध्ये कुम्हारीला आहे. रायपूरहून भिलाईकडे निघालं की खारून नदीचा पूल ओलांडल्यावर कुम्हारी लागतं. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला जाणारी रेल्वे लाइन इथूनच जाते. त्यामुळे मी माइक चालू केला की त्रिकोणमितीबरोबर मालगाडीही सगळ्यांना ऐकू येते. बाकीचे कॅडेट साताऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत कुठेकुठे पसरलेले असतात, काही जण वडिलांच्या पोस्टिंगच्या गावी.

या तासांना कसं वागायचं याच्या सूचना दरवेळी ग्रुपवर येतात. माइक बंद ठेवा, वेळेवर या, स्वतःचं खरं नाव लिहा, नीट कपडे घालून बसा. सूचना बरोबरच आहेत. पण त्या अशा का आहेत हे त्यात लिहिलेलं नसतं, आणि कारण कळलं नाही की कुठलाही नियम एक्स्ट्रा ड्रिलसारखा वाटतो. ती कारणं शोधायचा प्रयत्न मी केला. ती मला वाटली होती त्यापेक्षा जास्त रंजक निघाली.

वर्गात समोरासमोर बसलेलो असताना आपण तोंड न उघडता बरंच काही बोलत असतो. मान डोलते, कपाळाला आठ्या पडतात, मागच्या बाकावर पेन खाली पडतं, कुणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं. सर त्यावरूनच ठरवतात की पुढे जायचं की हेच गणित पुन्हा करायचं. ऑनलाइन तासात यातलं जवळजवळ सगळं वाटेत गळून पडतं. सरांना दिसतात ते नावं लिहिलेले काळे चौकोन. ऑनलाइन शिष्टाचार म्हणजे माझ्या मते एवढंच, की जे वाटेत गळलं ते आपण मुद्दाम, हाताने भरून द्यायचं. नुसता गोड बोलणारा मुलगा हे करत असेलच असं नाही, आणि मोजकंच बोलणारा करत नसेल असंही नाही.

आमच्या भागात लांबून शिकवण्याची गोष्ट कोरोनापेक्षा खूप जुनी आहे, हे मला आजोबांमुळे कळलं. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असं एक वर्ष इस्रोने ‘साइट’ नावाचा प्रयोग केला. नासाचा एटीएस-6 हा उपग्रह त्यासाठी वापरला होता. सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांमध्ये टीव्ही संच बसवले गेले आणि त्यावर शेती, आरोग्य आणि शाळेचे कार्यक्रम थेट उपग्रहातून येऊ लागले. तेव्हाच्या मध्य प्रदेशातली गावं रायपूरच्या आसपासची होती. ज्या मुलांनी कधी रेडिओही नीट पाहिला नव्हता ती एकदम टीव्हीसमोर बसून शिकत होती. पण तो टीव्ही एकतर्फी होता. मुलांना प्रश्न विचारता येत नव्हता, म्हणून मधेच बोलताही येत नव्हतं. टीव्हीतल्या गुरुजींचा कुणाला अपमानही करता आला नसता. शिष्टाचाराचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न आला परत बोलण्याची सोय झाल्यावर. 20 सप्टेंबर 2004 ला इस्रोने श्रीहरिकोटाहून एज्युसॅट सोडला. केवळ शिक्षणासाठी बनवलेला तो भारताचा पहिला उपग्रह. त्याच्यामुळे दूरच्या केंद्रात बसलेल्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्याशी बोलणं शक्य झालं. आणि बोलणं शक्य झाल्याबरोबर उशीर आडवा आला. हा उशीर आपल्याला दहावीच्या गणिताने काढता येतो. भूस्थिर उपग्रह जमिनीपासून सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाणार आणि खाली येणार, म्हणजे 72,000 किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला 3 लाख किलोमीटर धरला तर झाले 0.24 सेकंद. प्रश्न जायला पाव सेकंद, उत्तर यायला पाव सेकंद.

पाव सेकंद म्हणजे काहीच नाही असं मला वाटलं होतं. पण 2009 मध्ये दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या गप्पांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की एकाचा प्रश्न संपणं आणि दुसऱ्याचं उत्तर सुरू होणं यात माणसं सरासरी एक पंचमांश सेकंदच घेतात. म्हणजे 0.2 सेकंद. वाटेतला उशीर त्याहून मोठा झाला की सगळं बिघडतं. समोरचा गप्प आहे असं वाटून आपण बोलायला लागतो, तेवढ्यात त्याचं आधीच निघालेलं वाक्य येऊन पोचतं. मग दोघंही थांबतात. मग दोघंही एकदम म्हणतात, “हां, बोल.” पुन्हा दोघं थांबतात.

आज आपले तास उपग्रहातून नाही तर मोबाइल टॉवर आणि जमिनीखालच्या केबलमधून जातात. अंतर कमी झालं, पण आवाजाचे तुकडे करणं, ते सर्व्हरवर पाठवणं, पलीकडे पुन्हा जुळवणं यात वेळ जातोच. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने म्हटलं आहे की संभाषण नीट चालायचं असेल तर एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत हवा. पावसाळ्यात संध्याकाळी आमच्या घरचं नेटवर्क हे पाळत असेल असं मला वाटत नाही. त्यामुळे वर्गात मधेच तोंड घालणारा मुलगा आगाऊ असतो हे बहुतेक वेळा खरं असलं, तरी ऑनलाइन तासात ते नेहमी खरं नसतं. बऱ्याचदा तो फक्त 0.3 सेकंद उशिरा असतो.

यावर नवा उपाय शोधायची गरज नाही. तो आपल्याच लोकांनी फार आधी शोधून ठेवला आहे. आपल्या सैन्याची सिग्नल कोअर 15 फेब्रुवारी 1911 ला सुरू झाली आणि तिचं ब्रीद आहे ‘तीव्र चौकस’. एनसीसीच्या संदेशवहनाच्या पाठात आपण वॉकी-टॉकीवर बोलण्याची जी पद्धत शिकतो, ती माझ्या मते ऑनलाइन तासाच्या शिष्टाचारावरचं सगळ्यात चांगलं पुस्तक आहे.

वॉकी-टॉकीचं बटण दाबलं की आपण बोलू शकतो, पण तेवढ्या वेळात ऐकू शकत नाही. दोघांनी एकदम बटण दाबलं तर दोघांचंही कुणाला कळत नाही, फक्त खरखर. म्हणून पहिला नियम बोलण्याचा नाहीच. आधी ऐका, वाट मोकळी आहे का बघा, आणि मग बटण दाबा. दुसरा नियम असा, की ज्याला हाक मारायची त्याचं नाव आधी आणि स्वतःचं नंतर. म्हणजे तो सावध होतो आणि कोण बोलतंय हेही त्याला कळतं. बोलणं संपलं की ‘ओव्हर’, म्हणजे ‘माझं झालं, आता तुझी पाळी’. संभाषणच संपलं की ‘आउट’. सिनेमात हीरो ‘ओव्हर अँड आउट’ म्हणतो ते चूक आहे. ‘तू बोल’ आणि ‘मी चाललो’ या दोन गोष्टी एकाच दमात कशा सांगणार?

‘रॉजर’चा अर्थही पुष्कळांना ‘हो’ असा वाटतो. त्याचा अर्थ फक्त ‘तुमचा संदेश पूर्ण मिळाला’. सांगितलं तसं करतो असं म्हणायचं असेल तर ‘विल्को’ हा वेगळा शब्द आहे. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं, ‘रिपीट’ म्हणायचं नाही, कारण तोफखान्यात ‘रिपीट’ म्हणजे त्याच ठिकाणी पुन्हा गोळे टाका. आणि मला सगळ्यात आवडणारा शब्द म्हणजे ‘वेट’. विचारलं आहे पण उत्तर लगेच देता येत नाही, तेव्हा काही सेकंदांसाठी ‘वेट’. जास्त वेळ लागणार असेल तर ‘वेट आउट’, म्हणजे मीच नंतर हाक मारतो.

आता हे सगळं ऑनलाइन तासाला लावून बघा. सरांनी विचारलं, “कितवी पायरी चुकली?” आणि ज्याला विचारलं तो वहीत बघतोय. वर्गात सरांना तो बघताना दिसला असता. इथे सरांना फक्त शांतता ऐकू येते. नेट गेलं, झोपला, की मोबाइल टेबलावर ठेवून क्रिकेट खेळायला गेला, या तिन्ही शांतता सारख्याच असतात. अशा वेळी “सर, बघतोय, एक मिनिट” हे चार शब्द म्हणजे आपला ‘वेट’. प्रश्न विचारताना आधी “सर, कॅडेट अमुक बोलतोय” म्हणणं यात कसलाही दिखाऊपणा नाही. बत्तीस काळ्या चौकोनांपैकी कुठला चौकोन बोलतोय हे शोधण्यात सरांचं वाक्य तुटत नाही, एवढाच त्याचा उपयोग. आणि प्रश्न संपल्यावर “एवढंच विचारायचं होतं, सर” म्हटलं की झाला ‘ओव्हर’.

ग्रुपवरच्या ‘ओके सर’बद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे, आणि काही सीनियर्सना ते पटणार नाही. सरांनी लिहिलं, उद्याचा तास पाचऐवजी सहाला. त्याखाली तीस ‘ओके सर’ आणि पंधरा जोडलेले हात. ज्याने दोन तासांनी ग्रुप उघडला त्याला मूळ सूचना शोधायला वर जावं लागतं, आणि बऱ्याचदा तो जातच नाही. वायरलेस नेटवर कंट्रोल स्टेशनने विचारल्याशिवाय सगळे उत्तर देत सुटत नाहीत, आणि विचारलं तर ठरलेल्या क्रमाने देतात. आदर दाखवायला सगळ्यांनी एकदम बोललंच पाहिजे असं नाही. सरांच्या संदेशावरच अंगठ्याची खूण केली की ‘रॉजर’ झालं. पण सरांनी काही करायला सांगितलं असेल, उदाहरणार्थ प्रयोगवहीचा फोटो पाठवा, तर अंगठा पुरत नाही. तिथे ‘विल्को’ लागतो, म्हणजे “रात्री आठपर्यंत पाठवतो, सर” असं वाक्य.

बोलण्यापेक्षा लिहिणं जास्त नाजूक. इंटरनेटवर कसं वागावं यासाठी ‘नेटिकेट’ हा शब्द इंग्रजीत रूढ झाला, आणि ऑक्टोबर 1995 मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या तज्ज्ञांनी त्यावर एक मार्गदर्शिकाच काढली. सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये लिहिली तर ती ओरडल्यासारखी वाटतात, हे त्यात सांगितलेलं आहे. आपल्यापुरती गंमत अशी की देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत. मग मराठीत आपण ओरडतो कसे? “आज तास आहे का?” आणि “आज तास आहे का???” ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. किंवा तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा पाठवणं. किंवा संदेश पाठवून लगेच मिस्ड कॉल देणं. लिपीने ओरडायची सोय केली नाही तर माणूस ती करून घेतो.

दुसरी अडचण माझ्यासारख्यांची, जे घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, बाजारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात. मराठीत सरांना ‘तुम्ही’ म्हणणं हा पूर्ण आदर आहे. पण हिंदीत ‘तुम’ हे मित्राला किंवा लहानाला, मोठ्यांना ‘आप’. मराठी घरातला मुलगा हिंदी शिक्षकांना अगदी मनापासून लिहितो, “सर, तुम कब पढ़ाओगे?” आणि पलीकडे सरांच्या भुवया वर जातात. उलट बाजूने, हिंदी घरातला मुलगा मराठीत आदर दाखवायला सगळीकडे ‘आपण’ वापरतो. मराठीत ‘आपण’ म्हणजे तुम्ही, आणि ‘आपण’ म्हणजे आपण सगळेही. “सर, आपण उद्या पेपर तपासणार का?” हे वाचून सरांना वाटावं की हा मुलगा पेपर तपासायला मदतीला येतोय! वर्गात आवाजावरून आणि चेहऱ्यावरून हे सांभाळून घेतलं जातं. लिहिताना सांभाळून घेणारं कुणी नसतं. रोमन अक्षरांत मराठी लिहिलं तर आणखी एक खड्डा आहे. आपला ‘काल’ हिंदी वाचणारा ‘कल’ वाचतो, आणि हिंदीतला ‘कल’ उद्याही असतो. गृहपाठ काल दिला होता की उद्या द्यायचा आहे, यावर आमच्या ग्रुपवर एकदा वीस संदेश झाले. फोनवर देवनागरी कीबोर्ड घ्यायला एक मिनिट लागतं.

‘तू’ आणि ‘तुम्ही’वरून एक चांगली गोष्ट सांगतो. कोरोनामुळे शाळा बंद झाल्यावर 7 एप्रिल 2020 ला छत्तीसगड सरकारने ऑनलाइन शिक्षणाची योजना सुरू केली. तिचं नाव ‘पढ़ई तुंहर दुआर’, म्हणजे शिक्षण तुमच्या दारी. छत्तीसगढीत ‘तोर’ म्हणजे तुझं आणि ‘तुंहर’ म्हणजे तुमचं. मी तेव्हा लहान होतो आणि योजनेतलं काही कळत नव्हतं, पण दारात येणारी शाळा लहान मुलांनाही ‘तुमच्या’ म्हणते आहे हे आता वाचताना छान वाटतं.

सरांना शंका लिहून पाठवायची असेल तर ती कशी लिहावी, याचं मला सापडलेलं चांगलं उदाहरण माझ्या वर्गमित्राचं आहे. त्याने लिहिलं होतं: “नमस्कार सर. कॅडेट अमुक, दहावी ब. भूमिती, पान 38, तिसरं उदाहरण. दोन त्रिकोण समरूप आहेत इथपर्यंत आलो, वहीचा फोटो जोडला आहे. पुढचं गुणोत्तर कुठल्या बाजूंचं घ्यायचं ते कळत नाही. तुम्हाला वेळ असेल तेव्हा सांगा, उद्याच्या तासाला सांगितलं तरी चालेल.” सरांनी उत्तर दिलं फक्त दोन ओळींचं, कारण त्यांना काही विचारावंच लागलं नाही. याच्या उलट म्हणजे नुसतं “सर” एवढंच लिहून गप्प बसणं. मग सर विचारणार “बोल”, मग आपण “डाउट आहे”, मग सर “कोणता?” सर जेवत असतील तर तोवर पोळी गार.

आता जरा गंभीर भाग. मार्च-एप्रिल 2020 मध्ये जगभर अनोळखी लोक ऑनलाइन वर्गात घुसून घाणेरडं बोलू लागले, घाणेरडी चित्रं दाखवू लागले. एप्रिलमध्ये झूम कंपनीने पासवर्ड आणि बाहेर थांबवून ठेवणारी ‘वेटिंग रूम’ आपोआप चालू राहील असा बदल केला. 16 एप्रिल 2020 ला आपल्या गृह मंत्रालयानेही झूम वापरताना काय काळजी घ्यावी याची सूचना काढली. 1 जून 2020 ला केरळमध्ये सरकारी विक्टर्स वाहिनीवर ‘फर्स्ट बेल’ नावाने तास सुरू झाले. पहिलीच्या मुलांना हावभाव करून मांजरांची गोष्ट सांगणाऱ्या एका शिक्षिकेची अनेकांनी सोशल मीडियावर टिंगल केली, इतर शिक्षिकांबद्दल तर त्याहून वाईट लिहिलं गेलं, आणि पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला. पुष्कळ लोकांना ती गोष्ट फार आवडलीही. पण हावभाव न करता पहिलीच्या मुलांना गोष्ट सांगून दाखवावी टिंगल करणाऱ्यांनी.

माझा मावसभाऊ तेव्हा रायपूरला दहावीत होता. त्याच्या वर्गात एका दिवशी मॅडमच्याच नावाने कुणीतरी तासात शिरलं आणि शिव्या देऊ लागलं. मॅडम निवृत्तीला आलेल्या, मुलाकडून ॲप शिकून घेतलेल्या. दादा सांगतो की त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बच्चों, मुझे इसको बंद करना नहीं आता.” तो आवाज त्याला अजून आठवतो. बाहेरचा माणूस लिंक नसताना सहसा येऊ शकत नाही. ती वर्गातल्याच कुणीतरी गंमत म्हणून बाहेर दिली होती. संत्रीला सांगितलेला परवलीचा शब्द बाहेर फोडणाऱ्याचं काय होतं हे कॅडेटना सांगायला नको. तासाची लिंक तसाच शब्द आहे. सरांचा फळ्याकडे वळतानाचा वेडावाकडा स्क्रीनशॉट काढून त्याचं स्टिकर करणं हीसुद्धा फार लांबची गोष्ट नाही. ते स्टिकर वर्गातून बाहेर कुठे जातं यावर कुणाचाच ताबा राहत नाही.

सरांना आणि मॅडमना काही सांगण्याइतका मी मोठा नाही, तरी एक विनंती लिहितो. वर्गात आम्हाला रागावलं तर ते वर्गातच राहतं. ऑनलाइन तासात ते घरच्या स्पीकरवर येतं. आई, आजी, भाजी द्यायला आलेले काका, सगळे ऐकतात. चूक झाली असेल तर रागवा, पण शक्य असेल तर नंतर फोनवर. पालकांनाही एक विनंती आहे. कॅमेऱ्याच्या बाहेरून उत्तर पुटपुटू नका, माइकला तुमचा आवाज आमच्याहून चांगला ऐकू येतो. मिक्सर तास संपल्यावर लावा. माझ्या आजीला मात्र कुठलाच नियम लागू नाही. ती खोलीतून जाताना पडद्याकडे बघून हात जोडते आणि म्हणते, “नमस्कार मास्तर, पोरगं अभ्यास करते ना?” सर तेवढ्यापुरते थांबून तिला नमस्कार करतात. तास अर्धा मिनिट मागे पडतो, पण त्यानंतर मला पेंगायची सोय राहत नाही.

शेवटी कॅमेऱ्याचा वाद. काहींचं म्हणणं, कॅमेरा बंद म्हणजे बेशिस्त. मला हे अर्धंच पटतं. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या शंभर घरांपैकी जेमतेम 15 घरांत इंटरनेटची सोय होती, शहरांत 42. कॉम्प्युटर तर ग्रामीण भागात शंभरात चार-पाच घरांत. तेव्हापासून पुष्कळ फरक पडला आहे, पण एकच फोन आणि त्यात रोजचा दीड जीबी, त्यावर दोन भावंडांचे तास, अशी घरं आपल्या वर्गातही आहेत. व्हिडिओ चालू ठेवला की डेटा झपाट्याने संपतो. शिवाय एका खोलीत सहा माणसं राहत असतील तर मागे काय दिसेल याची त्या मुलाला काळजी असते. 14 जुलै 2020 ला केंद्राच्या शिक्षण खात्याने ‘प्रज्ञाता’ नावाच्या सूचना काढल्या. नववी ते बारावीसाठी दिवसाला जास्तीत जास्त चार सत्रं, प्रत्येक 30 ते 45 मिनिटांचं, अशी मर्यादा त्यात होती. पडद्यासमोर बसणं थकवतं हे सरकारनेही मान्य केलं होतं.

त्याच वर्षी सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने घरी नेटवर्क मिळत नाही म्हणून डोंगरावर झोपडी बांधून पशुवैद्यकीय अभ्यासक्रमाचे तास केले. भर पावसात. छत्तीसगडमध्ये जिथे इंटरनेटच नव्हतं तिथे ‘बुलटू के बोल’ निघालं. बुलटू म्हणजे ब्लूटूथ. आवाजातले धडे एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये, असे घराघरात पोचवले गेले. अशा मुलाला “तुझा आवाज का तुटतोय रे?” म्हणून हसणं सोपं आहे. कॉन्व्हॉयचा वेग सगळ्यात हळू गाडीवरून ठरतो, हे आपल्याला शिकवलेलं आहे.

आमच्या वर्गात या दिवाळीच्या सुट्टीत असं ठरलं, की ज्यांच्याकडे नेट चांगलं आहे त्यांनी प्रश्न विचारतानाच कॅमेरा लावायचा, एरवी बंद. ज्या दोघांना चित्र दिसतच नाही ते फक्त आवाजावर बसतात, म्हणून सर फळ्यावर लिहिलेलं प्रत्येक समीकरण तोंडाने वाचतात. सुरुवातीला ते सगळ्यांनाच संथ वाटलं. आता त्यामुळे बाकीच्यांच्याही वह्या पूर्ण होतात. तास संपला की फळ्याचे फोटो कमी आकाराचे करून त्या दोघांना पाठवायचे असतात. एकाला लगेच मिळतात. दुसऱ्याचं गाव भामरागडकडे आहे, त्याला रात्री दहानंतर पाठवले तरच जातात. हे काम या सुट्टीत माझ्याकडे आहे.